ग्रुपसोबत धावताना: पेस, रांग आणि तलावावरचे बाकीचे लोक

प्रश्न असा आहे: वय ३८, राहायला ठाण्यात, वसंत विहारला. वर्षभर एकटीच धावते, ५ किलोमीटरला साधारण ३६ मिनिटं लागतात. आता रविवारी पहाटे उपवन तलावाहून निघणाऱ्या एका ग्रुपमध्ये जायचं आहे. माझ्यामुळे ग्रुपला थांबावं लागू नये आणि तलावावर चालायला येणाऱ्यांनाही त्रास होऊ नये, यासाठी काय सांभाळावं? कधीकधी ग्रुप येऊरचा डोंगर चढून जातो, तिथलं काही वेगळं असतं का?

यातली ग्रुपची काळजी तुलनेने लवकर मिटते, कारण ती बहुतेक पेस (किलोमीटरला किती मिनिटं, असा मोजलेला धावण्याचा वेग) खरा सांगण्यावर अवलंबून असते. बाहेरच्या लोकांची काळजी मात्र फार थोडे ग्रुप करतात, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

आधी पेस. ५ किलोमीटर ३६ मिनिटांत म्हणजे किलोमीटरला ७:१२. हा जोर लावून धावतानाचा आकडा असेल, तर रविवारच्या लाँग रनसाठी, म्हणजे लांब पण सावकाश धावेसाठी, तो सांगू नका. लाँग रन यापेक्षा किलोमीटरमागे मिनिटभर ते दीड मिनिट सावकाश हवी. तुमच्यासाठी तो पेस सव्वाआठ ते पावणेनऊच्या दरम्यान येतो. खूण सोपी आहे: शेजारच्याशी अख्खं वाक्य मधे दम न तुटता बोलता आलं पाहिजे. दोन-तीन शब्दांवर अडत असाल तर पेस जास्त आहे, घड्याळ काहीही दाखवो. ग्रुप चालवणाऱ्याला आदल्या दिवशी तीन गोष्टी कळवा: ५ किलोमीटरची वेळ, आजवर न थांबता धावलेलं सर्वांत लांब अंतर आणि चढाची सवय आहे की नाही. एवढ्यावरून तुम्हाला कोणत्या तुकडीत घ्यायचं ते त्यांना ठरवता येतं.

संकोचापोटी बरेच जण पेस वाढवून सांगतात. पहिले तीन किलोमीटर निभावतात, मग मागे पडतात आणि कुणातरी एकाला स्वतःची धाव सोडून त्यांच्यासोबत राहावं लागतं. उलटी चूकही तितकीच वाईट. हळू तुकडीत नाव द्यायचं आणि तिथे पुढे राहून सगळ्यांना ओढत न्यायचं, हे त्या तुकडीच्या भरवशावर आलेल्या माणसांवर अन्याय करणारं आहे. त्यांना दुसरी तुकडीच नसते.

तुकडीचा पेस नकळत वाढण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे अर्धं पाऊल. दोघं शेजारी धावताना एकाचा खांदा सतत दुसऱ्याच्या अर्धं पाऊल पुढे राहतो. दुसरा बरोबरी साधायला किंचित वेग वाढवतो, पहिला पुन्हा पुढे सरकतो. दोघांनाही काही जाणवत नाही, पण दोन-अडीच किलोमीटरमध्ये साडेआठचा पेस आठवर येतो आणि मागचे सुटतात. शेजाऱ्याच्या खांद्याशी खांदा जुळवून ठेवा. आपण पुढे आहोत असं दिसलं तर आपणच हळू व्हायचं.

दुसरं कारण नाका आणि सिग्नल. पुढचे रस्ता ओलांडतात आणि लगेच नेहमीच्या वेगाला लागतात. मागचे अजून पलीकडेच अडकलेले असतात, मोकळे झाले की त्यांना ते अंतर भरून काढायला जोरात पळावं लागतं. असे चार नाके झाले की शेवटच्या धावणाऱ्याने लाँग रनमध्ये चार स्प्रिंट मारलेल्या असतात, आणि तोच बहुधा ग्रुपमधला सर्वांत नवा माणूस असतो. उपाय एवढाच: प्रत्येक नाक्यानंतर पुढच्यांनी शंभरेक पावलं चालत किंवा अगदी हळू जायचं, शेवटच्याने ‘आलो’ म्हटलं की पेस धरायचा. हा शेवटचा माणूस आधीच ठरलेला हवा. त्याला स्वीपर म्हणतात. स्वीपर अनुभवी हवा, त्याच्याकडे फोन हवा, आणि निघताना किती जण आहोत हा आकडा त्याला पाठ हवा.

पुढच्याच्या टाचेला चिकटून धावू नका. साडेआठच्या पेसला तुम्ही सेकंदाला जवळपास दोन मीटर पुढे जाता. म्हणजे दोन मीटरचं अंतर ठेवलंत तरी पुढचा अचानक थांबल्यावर हाताशी एकच सेकंद उरतो, आणि त्याच्या पायाखालचा खड्डा तुम्हाला दिसतो तोही तेवढाच आधी. थांबायचं असेल तर हात वर करायचा, जवळच्या कडेला सरकायचं आणि मग थांबायचं. नाडी सुटली, घड्याळ बंद पडलं, ठरलेलं अंतर संपलं, कारण काहीही असो, क्रम हाच.

खड्डा, गतिरोधक, उचकटलेला पेव्हर ब्लॉक, मागून येणारी गाडी यांची हाक पुढच्याने द्यायची आणि प्रत्येकाने ती मागे पोचवायची. ‘खड्डा डावीकडे’, ‘गाडी मागून’, ‘थांबतोय’ असे दोन-तीन शब्द पुरतात. गाडी मागून येते तेव्हा ती आधी स्वीपरला कळते, म्हणून ती हाक मागून पुढे जाते, हे नव्या लोकांना सांगावं लागतं. दोन्ही कानांत इअरफोन घातलेला माणूस ही साखळी तोडतो. ग्रुपमध्ये धावताना ते घरी ठेवलेलेच बरे, अगदीच हवे असतील तर एका कानात.

आता तलावाकडे वळू. उपवन असो, मासुंदा असो की महापालिका मुख्यालयाशेजारची कचराळी, या तिन्ही ठिकाणी पहाटे सर्वांत आधी येणारे लोक धावणारे नसतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी, साखर आटोक्यात ठेवायला रोज ठरावीक फेऱ्या मारणारे काका, काठी टेकत येणारे, हात धरून चालणारं जोडपं, दुडूदुडू धावणारं पोर. त्यांना तलावाशिवाय सपाट, गाड्यांपासून सुरक्षित अशी दुसरी जागा घराजवळ नाही. तुम्हाला आहे. म्हणून तिथे पहिला हक्क चालणाऱ्यांचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

धावणाऱ्या ग्रुपला आपण किती जागा अडवतो याचा अंदाज नसतो. हात मोकळे हलवत धावायला एका माणसाला पाऊण मीटर तरी लागतो. दोघं शेजारी म्हणजे दीड मीटर, तिघं म्हणजे सव्वादोन. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर धरली आहे, आणि आपल्याकडे झाडाचं आळं, विजेचा डीपी बॉक्स, उभी केलेली स्कूटर यातून तेवढीही क्वचित उरते. म्हणजे तिघं शेजारी धावणं कागदावरच्या आदर्श पदपथावरही बसत नाही. मोकळ्या जागी दोघं, समोर माणूस दिसला की एकेरी रांग. एकेरी होताना आतल्या बाजूच्याने वेग ठेवायचा आणि बाहेरच्याने हळू होऊन त्याच्या मागे जायचं, हे आधी ठरलं की ढकलाढकली होत नाही.

बारा जणांनी एकत्र तलावाला फेऱ्या मारू नयेत. चार-चारच्या तीन तुकड्या कराव्यात आणि दोन तुकड्यांमध्ये मिनिटभराचं तरी अंतर ठेवावं. चौघं पुढे निघून जातात तेव्हा चालणारा क्षणभर बाजूला होतो आणि पुन्हा आपल्या चालीला लागतो. बारा जण गेले तर तो कठड्याला टेकून उभाच राहतो. काही जण मग यायचंच बंद करतात, आणि तसं कुणी येऊन सांगत नाही.

मागून पुढे जाण्याची पद्धत नीट शिकून घ्या, कारण तलावावरची बहुतेक भांडणं इथे होतात. चालणारे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने धावा. पुढे जायचं ते त्यांच्या उजवीकडून, मधे हातभर जागा ठेवून. आवाज द्यायचा तो सहा-सात मीटर आधी. तुमचा आणि चालणाऱ्याचा वेग यांतला फरक सेकंदाला जेमतेम पाऊण मीटर असतो, त्यामुळे एवढ्या अंतरावरून हाक दिली की त्यांना आठ-नऊ सेकंद मिळतात. मानेजवळ येऊन ‘साइड, साइड’ ओरडलं की माणूस दचकतो आणि नेमका ज्या बाजूने तुम्ही निघाला आहात तिकडेच सरकतो. वृद्ध माणूस दचकून वळताना तोल जाऊन पडू शकतो, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर परत चालतं होणं कठीण. म्हणून नेहमीच्या आवाजात, ‘काका, उजवीकडून येतोय, चौघं आहोत.’ आकडा सांगणं महत्त्वाचं. नाहीतर पहिला पुढे गेला की ते पुन्हा मधे येतात आणि दुसऱ्याचा धक्का लागतो. चौथ्याने जाताना ‘झालं काका, थँक्यू’ म्हणायचं. ऐकू आलं नाही असं वाटलं तर पुन्हा ओरडू नका, चालत पुढे जा. लहान मूल, सुटलेला कुत्रा, काठी किंवा वॉकर दिसला तरीही चालतच.

इंटरव्हल, टेम्पो, स्प्रिंट असला वेगाचा सराव तलावावर करू नये. घड्याळाकडे डोळे लावून जोरात पळणाऱ्याला समोरचा माणूस अडथळा वाटायला लागतो, यात त्याचा स्वभाव वाईट असण्याचा प्रश्न नाही. तो व्यायामच तसा आहे. त्यासाठी मैदान किंवा वर्दळ नसलेला सरळ रस्ता शोधावा. तलाव वॉर्म-अप आणि शेवटच्या सावकाश फेरीसाठी ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी ग्रुपांना सांगितली की राग येतो: साडेपाचचा स्पीकर. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. म्हणजे पहाटे साडेपाचला ब्लूटूथ स्पीकरवर झुंबा लावून केलेला वॉर्म-अप रात्रीत मोडतो. स्पीकर नसला तरी वीस जणांचं ‘गुड मॉर्निंग’, गाड्यांची दारं, बाइक लॉक केल्याचा हॉर्न हे सगळं समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर झोपलेल्या माणसाला जागं करायला पुरतं. जमायची जागा इमारतींपासून दूर ठेवा, गाडीने येणाऱ्यांनी एका गाडीत तिघं-चौघं या, आणि सोसायटीच्या गेटसमोर गाडी लावू नका. मोठ्याने बोलायला सातनंतर चहाची टपरी आहेच.

येऊरचं गणित वेगळं आहे. तो रस्ता संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या जंगलातून जातो, तिथे बिबट्यांचा वावर आहे आणि पाटोणपाड्यासारख्या पाड्यांवर लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. वनखात्याच्या नाक्यावर जी वेळ सांगतील ती पाळायची, अंधारात आडवाटेने आत जायचं नाही. बिबट्या पहाटे आणि संध्याकाळी जास्त फिरतो, म्हणून इथे उजाडल्यावरच धावा, एकटे पुढे जाऊ नका, मागेही एकटे राहू नका. रस्त्याकडेला वाकून नाडी बांधायची असेल तर सोबत्याला थांबवा, कारण खाली वाकलेला एकटा माणूस प्राण्याला लहान दिसतो. माकडांना काही द्यायचं नाही. केळ्याची साल, खजुराच्या बिया, एनर्जी जेलचं पाकीट, सगळं खिशातून परत. ‘साल कुजते’ हे खरं आहे, पण तिला माकडं आणि कुत्री आधी येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. पाड्यातून जाताना आवाज कमी, अंगणात डोकावून फोटो नाहीत.

चढावर सगळ्यांचा पेस फुटतो, त्यात कमीपणा नाही. चढ पेसवर धावायचा नसतो, दमावर धावायचा असतो. पावलं आखूड, नजर दहा-बारा मीटर पुढे, बोलणं थांबलं की चालायला लागा. ग्रुपने वर एक जागा ठरवून तिथे सगळे जमेपर्यंत थांबायचं. आधी पोचलेल्यांनी तीन मिनिटं विसावा घेतला आणि शेवटचा आला तसे सगळे निघाले, असं होऊ देऊ नका. ज्याला सर्वांत जास्त गरज त्यालाच विसावा मिळत नाही. उतारावर धोका जास्त आहे, कारण वेग आपोआप वाढतो आणि वळणापलीकडचं दिसत नाही. एकेरी रांग, तीन-चार मीटर अंतर. पदपथ नसलेल्या रस्त्यावर एरवी उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी वाहनं दिसतील असं धावायचं. पण उजवीकडे वळणाऱ्या आंधळ्या वळणावर आतल्या कडेला असाल तर समोरच्या गाडीला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता. अशा वळणाच्या बरंच आधी, दोन्हीकडे पाहून, बाहेरच्या कडेला जायचं आणि वळण संपलं की परत यायचं. हे सगळ्यांनी एकदम करायचं, एकेकाने नाही.

घोडबंदर रोडच्या मुख्य मार्गिकेवर धावू नका, अंतर कितीही सोयीचं असलं तरी. पहाटे तिथे अवजड वाहनं वेगात असतात आणि चालकाची झोप अनावर होण्याची वेळही तीच. आतल्या रस्त्यांवर फेऱ्या वाढवा.

उजेडाचा अंदाज ऋतूप्रमाणे बदला. ठाण्यात जूनमध्ये सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, जानेवारीत सव्वासातच्या जवळपास. तोच साडेपाचचा रन जूनमध्ये संधिप्रकाशात होतो आणि जानेवारीत तासभर अंधारात. तेव्हा सगळ्यांना रिफ्लेक्टर पट्टे आणि स्वीपरच्या पाठीवर लुकलुकणारा लाल दिवा हवा. हेडलॅम्पचा झोत पायापुढे चार-पाच मीटरवर पडेल असा खाली वळवा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत गेला की त्याला पुढची काही सेकंदं खड्डा दिसत नाही.

पावसाळ्यात शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं, ही तीन ठिकाणं घसरवतात. साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, खाली उघडं झाकण असू शकतं. पाण्यात उभ्या विजेच्या खांबाला आधारासाठीही हात लावू नका.

भटकी कुत्री दिसली की सगळ्यांनी धावणं थांबवून चालायचं, एकत्र राहायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, दगड उचलायचा नाही. पळणाऱ्या घोळक्यामागे कुत्रा धावणारच, चालणाऱ्याला तो बहुधा सोडून देतो. चावलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. ओरखडा असला तरी.

पाण्याची बाटली स्वतःची न्या. दमट हवेत तासाभराच्या धावेला अर्धा लिटर धरून चाला, तहान लागेल तसं घोट घोट. ओआरएस घेणार असाल तर एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. अर्ध्या लिटरमध्ये सगळं पाकीट टाकलं की ते दाट होतं आणि धावताना पोटात मळमळतं. दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावू नका, वरून प्या. थुंकायचं किंवा नाक शिंकरायचं असेल तर आधी मागे पाहून, रांगेबाहेर कडेला, आणि तलावाच्या कठड्यावर कधीच नाही. खिशात रुमाल असला की प्रश्नच येत नाही. ताप, छातीत कफ, जुलाब असेल तर रविवार सोडा. ग्रुपला नकार रात्री नऊपर्यंत कळवा, कारण तुमच्या गाडीतून येणारे दुसरे कुणीतरी असतात.

सोबतच्या माणसाशी कसं वागायचं याबद्दल थोडं. कुणाच्या वजनावर, अंगकाठीवर, कपड्यांवर बोलू नये, कौतुकानेही नाही. न विचारता धावण्याच्या पद्धतीत सुधारणा सुचवू नये. ग्रुपमधले पुरुष नव्या बाईला हे दोन्ही फार करतात आणि त्यामुळे बायका तिसऱ्या रविवारी येत नाहीत. तुमच्याबाबतीत झालं तर एकदा सरळ सांगा, फरक पडला नाही तर ग्रुप चालवणाऱ्याला सांगा. फोटो टाकण्याआधी विचारणं ग्रुपचं काम आहे. धावेचं ॲप वापरत असाल तर सेटिंगमध्ये घराभोवतीचा भाग नकाशावरून लपवा. रोजची वेळ आणि सुरुवातीची जागा अनोळखी माणसाला दिसू देऊ नये.

प्रत्येकाच्या खिशात नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर आणि मधुमेह किंवा ॲलर्जी असेल तर त्याची नोंद असलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत हवी. घामाने ओला झालेला फोन ऐन वेळी बोट ओळखत नाही. कुणी असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजून थांबवा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. पूर्ण शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. कोसळला आणि नीट श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहायचं, रुग्णवाहिका येईपर्यंत आळीपाळीने. ग्रुपमध्ये हे शिकलेले किमान दोघं असावेत. कोण आहेत ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

पहिल्या रविवारी दहा मिनिटं आधी पोचा आणि स्वीपरला ओळख द्या. शेवटच्या तुकडीत राहा, एकटीने धावता त्यापेक्षा अंतर वाढवू नका. ग्रुप दहा किलोमीटर जाणार असेल तर कुठून परत फिरायचं ते निघण्याआधी ठरवा आणि वळताना स्वीपरला सांगूनच वळा. न सांगता घरी गेलेल्या माणसाला शोधायला ग्रुप अर्धा तास फिरत राहतो. येऊरला पहिल्या महिन्यात फक्त नाक्यापर्यंत जा, वरचा चढ पाय सरावल्यावर.